जखम पाहणारे डोळे : घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांच्या शिक्षणाचा आणि परीक्षेचा इतिहास

रुग्णालयांचा इतिहास लिहिला जातो. इमारती उभ्या राहतात, कोनशिला बसतात, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात, आणि पुढच्या पिढीला ते सारे वाचता येते. परंतु माणसाच्या आजारपणाचा फार मोठा काळ रुग्णालयात जात नाही, तो घरात जातो. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले वडील, मधुमेहाने पाय सुजलेली आई, शस्त्रक्रियेनंतर घरी आणलेला भाऊ यांची खरी शुश्रूषा माजघरातल्या खाटेवरच होते. तेथे पट्टी सोडली जाते तेव्हा डॉक्टर जवळ नसतात. खिडकीतून येईल तेवढा उजेड असतो, घरची माणसे तोंड फिरवून उभी असतात आणि जखमेकडे पाहणारी एकटी परिचारिका असते.

तिने काय पाहिले आणि काय नोंदले, यावर पुढचे सारे ठरते. जखम भरते आहे म्हणावी की चिघळते आहे म्हणावी? डॉक्टरांना आज कळवावे की आठवड्याने? तिची नजर चुकली तर पाय जाऊ शकतो, क्वचित प्राणही जातो. मग या नजरेला शिकवले कोणी, आणि ती शिकली की नाही हे तपासले कोणी? या प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास बोधप्रद आहे आणि आजच्या काळाला अत्यंत उपयोगी आहे.

सुश्रुताची पाठशाळा

जखमेचे शास्त्र आपल्या देशात फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत व्रणाचा विचार विस्ताराने केलेला आहे. त्वचा, मांस, शिरा, स्नायू, अस्थी, संधी, कोष्ठ आणि मर्म अशी व्रणाची आठ अधिष्ठाने तेथे सांगितली आहेत. म्हणजे व्रण किती खोल गेला आहे हे पाहणे हा परीक्षेचा पाया मानलेला आहे. व्रणाचा आकार, वर्ण, गंध, वेदना आणि स्राव यांची लक्षणे वेगवेगळी दिली आहेत. व्रणावरील उपचारांची संख्या तर साठ सांगितली आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट संहितेच्या सूत्रस्थानातील ‘योग्यासूत्रीय’ या अध्यायात आढळते. ‘योग्या’ म्हणजे प्रत्यक्ष सराव. ज्याने शास्त्राचे पुष्कळ श्रवण केले परंतु हाताने सराव केला नाही, तो कर्म करण्यास अयोग्य, असा या अध्यायाचा स्पष्ट दंडक आहे. म्हणून शिष्याने छेदनाचा अभ्यास भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर करावा. खोल गेलेल्या व्रणात शलाका घालून मार्ग शोधण्याचा अभ्यास किडीने पोखरलेले लाकूड, बांबू आणि बोरू यांवर करावा. आणि पट्टी बांधण्याचा अभ्यास वस्त्रादिकांपासून केलेल्या मनुष्याकृती पुतळ्याच्या अवयवांवर करावा, असे सांगितले आहे. रोग्याच्या देहावर हात ठेवण्यापूर्वी हाताला वळण लागले पाहिजे, हा विचार आज जगातील प्रत्येक परिचर्या विद्यालयात मान्य झालेला आहे. मात्र तो पुन्हा मान्य होण्यासाठी मध्ये बराच काळ जावा लागला, आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिकेपर्यंत तो पोहोचण्याची सुरुवात झाली ती एका व्यापाऱ्याच्या घरातील दुःखातून.

लिव्हरपूलचा व्यापारी

इंग्लंडमधील लिव्हरपूल हे एकोणिसाव्या शतकात कापसाचे मोठे बंदर होते. तेथे रॅथबोन घराण्याची कित्येक पिढ्यांची नामांकित पेढी होती. या घराण्यातील विल्यम रॅथबोन (1819-1902) यांच्या पत्नी ल्युक्रेशिया 1859 साली दीर्घ आजाराने निवर्तल्या. अखेरच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने त्यांची घरी राहून सेवा केली. रॅथबोन यांच्या मनात विचार आला की, पैसा, मोठे घर आणि नोकरचाकर असूनही आपल्या घराला या एका बाईचा इतका आधार वाटला, तर ज्यांच्या घरी यांपैकी काहीच नाही त्या गरिबांचे काय होत असेल?

त्यांनी मेरी रॉबिन्सन यांना तीन महिन्यांसाठी नेमले आणि शहरातील गरीब वस्तीत घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्यास सांगितले. महिनाभरातच त्या रडत परत आल्या. पाहिलेले दैन्य सहन होत नाही, मला मोकळे करा, अशी विनंती त्यांनी केली. रॅथबोन यांनी धीर दिला आणि ठरलेली मुदत पुरी करण्यास सांगितले. तीन महिने संपले तेव्हा त्याच बाईंचे मत पालटले होते. बरे न होणारे म्हणून सोडून दिलेले रोगी योग्य शुश्रूषेने उठून बसलेले त्यांनी पाहिले होते आणि हेच काम पुढे करण्याची त्यांची इच्छा झाली होती.

रॅथबोन यांनी अशा आणखी परिचारिका नेमण्याचे ठरवले, आणि तेथे अडचण उभी राहिली. पैसा देण्याची तयारी होती, परंतु शिकलेल्या परिचारिकाच मिळेनात. त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला. हव्या तशा परिचारिका मिळत नसतील तर लिव्हरपूलनेच त्या घडवाव्यात, असा त्यांचा सल्ला पडला. त्याप्रमाणे 1862 साली लिव्हरपूलच्या रॉयल इन्फर्मरीशी जोडलेले परिचारिका विद्यालय रॅथबोन यांच्या साहाय्याने सुरू झाले. पुढील तीन-चार वर्षांत शहराचे अठरा विभाग पाडून प्रत्येक विभागाला परिचारिका आणि देखरेखीसाठी एक प्रतिष्ठित महिला देण्यात आली. ‘डिस्ट्रिक्ट नर्स’ या नावाचा उगम या विभागांत, म्हणजे डिस्ट्रिक्टांत आहे.

सुवर्णमहोत्सवाचा निधी

सद्भावना आणि देखरेख यांची सोय झाली, तरी कामाचा दर्जा सर्वत्र सारखा नव्हता. लंडनमध्ये 1874 च्या सुमारास घरोघरच्या शुश्रूषेची पाहणी झाली, तीत फ्लॉरेन्स लीज या नाइटिंगेल विद्यालयातून शिकलेल्या बाईंचा पुढाकार होता. पुष्कळ ठिकाणी परिचारिका म्हणून जाणाऱ्या स्त्रिया शिधा, कपडे आणि उपदेश वाटत होत्या. जखम धुणे, रोग्याला कूस पालटून देणे, लक्षणे टिपून डॉक्टरांना सांगणे ही खरी कामे मागे पडत होती. लीजबाईंनी आग्रह धरला की, रुग्णालयातील शिक्षण पुरे झाल्यावर घरोघरच्या कामाचे वेगळे शिक्षण दिलेच पाहिजे. रुग्णालयात उकळलेले पाणी, स्वच्छ पट्ट्या आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतात. घरात यांतले काही नसते, म्हणून घरच्या परिचारिकेला रुग्णालयातील परिचारिकेपेक्षा अधिक शिक्षण लागते, कमी नव्हे. हा विचार त्या काळी नवा होता.

1887 साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला. इंग्लंडमधील स्त्रियांनी वर्गणी करून राणीला निधी अर्पण केला. त्यातील सत्तर हजार पौंडांची रक्कम राणीने गरिबांच्या घरोघरच्या शुश्रूषेसाठी दिली आणि त्यातून ‘क्वीन व्हिक्टोरियाज जुबिली इन्स्टिट्यूट फॉर नर्सेस’ ही संस्था स्थापन झाली. 1889 साली तिला राजसनद मिळाली. या संस्थेची परिचारिका होण्यासाठी रुग्णालयातील शिक्षणानंतर सहा महिने विभागात काम शिकावे लागे. पुढे संस्थेच्या निरीक्षिका प्रत्यक्ष घरोघरी जाऊन काम तपासत. पिशवी, नोंदवही, पट्टी बांधण्याची रीत आणि रोग्याची त्वचा ही सारी तपासणीत येत असे. परिचारिकेने दानधर्म करू नये आणि रोग्याच्या धर्मश्रद्धेत ढवळाढवळ करू नये, असे कडक नियम होते. शिक्षण, कामाच्या जागी तपासणी आणि लेखी नोंद या तीन गोष्टी येथे प्रथमच एका व्यवस्थेत बांधल्या गेल्या. ही संस्था पुढे दीर्घकाळ ‘क्वीन्स नर्सिंग इन्स्टिट्यूट’ या नावाने ओळखली गेली आणि आजही कार्यरत आहे.

अमेरिकेत लिलियन वाल्ड यांनी 1893 साली न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या वस्तीत असेच काम आरंभिले. त्या स्त्रियांना गृहशुश्रूषेचे पाठ देत असताना एक लहान मुलगी त्यांना आपल्या आजारी आईकडे घेऊन गेली. बाळंतपणानंतर रक्तस्रावाने ती स्त्री दोन दिवस तशीच पडून होती. त्या एका भेटीतून पुढे हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ही विख्यात संस्था उभी राहिली. 1909 साली मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने वाल्ड यांच्या सूचनेवरून आपल्या विमेदारांसाठी घरी परिचारिका पाठवण्याची सोय केली. विमा कंपनीला खर्चाचा हिशेब हवा असल्याने प्रत्येक भेटीची नोंद आवश्यक झाली. शुश्रूषेची नोंदवही आणि पैशाची खतावणी यांचे नाते असे जडले. त्याचे बरे-वाईट परिणाम पुढे दिसून आले.

कापडाची बाई

सरावासाठी मनुष्याकृती पुतळा हवा, ही सुश्रुताची दृष्टी पाश्चात्त्य परिचर्या शिक्षणात 1911 साली पुन्हा अवतरली. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात मार्था चेस यांचा कापडी बाहुल्या बनवण्याचा कारखाना होता. हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयाने त्यांच्याकडून प्रौढ स्त्रीच्या पूर्ण उंचीची बाहुली करवून घेतली. विद्यार्थिनी तिला ‘मिसेस चेस’ म्हणू लागल्या. विणलेल्या कापडाचे अंग, त्यावर रंगाचे थर आणि वळणारे सांधे असलेल्या या बाईला कूस पालटून देणे, उचलणे, पट्टी बांधणे यांचा सराव हजारो मुलींनी केला. आज सिलिकॉनच्या प्रतिकृती मिळतात. त्यांच्या पाठीवर निरनिराळ्या खोलीच्या जखमा, आतून पोखरलेल्या कडा आणि काळपट मृत भाग हुबेहूब घडवलेले असतात. विद्यार्थिनी निर्जंतुक काडी आत घालून खोली मोजते. किडक्या लाकडात शलाका फिरवणाऱ्या प्राचीन शिष्याचे आणि तिचे शिक्षण तत्त्वतः एकच आहे.

दोष रोगाचा की शुश्रूषेचा?

दीर्घकाळ एकाच अंगावर पडून राहिल्याने माकडहाड, टाचा आणि नितंब येथील कातडी झिजून जी जखम होते तिला शय्याव्रण म्हणतात. बोलण्यात ‘बेडसोअर’ हाच शब्द रूढ आहे. घरच्या परिचारिकेची खरी कसोटी या जखमेवर लागते. नाइटिंगेल यांनी 1859 च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात असे मत मांडले की, शय्याव्रणाचा दोष बहुधा रोगाकडे नसून शुश्रूषेकडे असतो. त्याच शतकात पॅरिसचे थोर मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांचे मत याउलट होते. मज्जासंस्थेच्या विकृतीमुळे असा व्रण आपोआप होतो आणि तो मृत्यूची पूर्वसूचना देतो, असे ते मानीत. शार्को यांचा अधिकार मोठा असल्याने शय्याव्रण अटळ आहे ही समजूत दीर्घकाळ टिकली. अटळ मानलेल्या गोष्टीकडे कोणी बारकाईने पाहत नाही, हा त्या समजुतीचा सर्वांत मोठा तोटा झाला.

ही समजूत मोडण्याचे काम डॉक्टर लुडविग गुटमन यांनी 1944 पासून इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात केले. पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांना दिवसरात्र दर दोन तासांनी कूस पालटून देण्याचा नियम त्यांनी घातला, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास ते स्वतः रात्री फेरी घालीत. मरणाच्या वाटेवरचे म्हणून गणलेले तरुण जगले. त्यानंतर 1962 साली डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचे संशोधन प्रसिद्ध केले. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना एक ते चार गुण द्यायचे. बेरीज चौदा किंवा त्याहून कमी आली की धोका समजावा. जखम होण्याआधीच ती ओळखण्याचे हे पहिले सुटसुटीत कोष्टक होते. पुढे 1987 साली अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी सहा बाबींचे कोष्टक प्रसिद्ध केले. ते आज जगभर वापरले जाते.

ओली जखम, कोरडी जखम

1962 हे वर्ष आणखी एका शोधासाठी महत्त्वाचे आहे. जखम उघडी ठेवावी, वाळू द्यावी, खपली धरली म्हणजे बरी होते, असे तोवर सर्वत्र शिकवले जाई. लंडनमधील संशोधक जॉर्ज विंटर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, वरवरची जखम पातळ पडद्याखाली ओलसर राहिली तर तिच्यावर नवी त्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने येते. पुढे माणसांच्या जखमांतही ही गोष्ट पडताळून पाहण्यात आली.

परिचारिकांच्या शिक्षणावर याचा खोल परिणाम झाला. पूर्वी नजरेला एवढेच ठाऊक होते की, ओले म्हणजे वाईट आणि कोरडे म्हणजे चांगले. आता ओलाव्याचे प्रकार ओळखणे आले. पाण्यासारखा पातळ स्राव आणि घट्ट दुर्गंधी पू यांत फरक करायचा. जखमेच्या तळाशी दाणेदार लाल मांस दिसले तर ती भरते आहे. पिवळट चिकट थर हा मृत पेशींचा असू शकतो, तो पूच असेल असे नाही. काळा कठीण भाग म्हणजे मृत कातडी, आणि तिच्याखाली किती खोल नुकसान आहे हे वरून कळत नाही. लांबी डोक्यापासून पायाच्या दिशेने मोजायची, रुंदी तिला काटकोनात, खोली काडीने. आतून पोखरलेल्या कडा घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे नोंदायच्या. भोवतालची कातडी गरम आहे की थंड, मऊ की कठीण, हे हाताने पाहायचे. शेवटी जखमेवरून नजर काढून माणसाकडे पाहायचे. तो जेवतो का, साखर किती आहे, गादी कशी आहे, रात्री त्याला कूस कोण पालटून देते?

पायाच्या जखमेच्या बाबतीत तर नुसती नजर पुरत नाही. अशुद्ध रक्त साचून झालेल्या जखमेला घट्ट पट्टा बांधणे हा उपचार आहे. परंतु शुद्ध रक्ताचा पुरवठाच कमी असलेल्या पायाला तोच पट्टा बांधला तर पाय सडू शकतो. म्हणून घोट्यातील आणि दंडातील रक्तदाबाची तुलना डॉपलर यंत्राने करण्यास परिचारिकेला शिकवावे लागते. लंडनमध्ये परिचारिका क्रिस्टीन मोफट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तीतील परिचारिकांना ही तपासणी आणि चार थरांचा पट्टा बांधणे पद्धतशीर शिकवले. त्यानंतर जखमा भरण्याचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे त्यांनी 1992 साली प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे पट्ट्या बदलत राहिलेल्या घरांतून पट्टी कायमची सुटली.

एक जखम, दोन नोंदी

शिक्षण दिले, तरी ते अंगी उतरले की नाही हे कसे ठरवावे? अमेरिकेत 1987 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने 1989 साली शय्याव्रणाच्या चार पायऱ्या निश्चित केल्या. पहिलीत कातडी शाबूत, परंतु दाबूनही न जाणारी लाली. दुसरीत कातडीचा काही भाग गेलेला. तिसरीत पूर्ण कातडी जाऊन चरबीपर्यंत. चौथीत स्नायू किंवा हाडापर्यंत. व्याख्या सोपी वाटते. प्रत्यक्षात दोन परिचारिका एकाच जखमेपुढे उभ्या केल्या तर दोघींच्या नोंदी जुळतीलच असे नाही.

ही जुळणी मोजण्याचे गणित जेकब कोहेन यांनी 1960 साली मांडले होते. दोन माणसांनी नाणी उडवली तरी निम्म्या वेळा दोघांचे उत्तर एकच येते, म्हणून निव्वळ योगायोगाने होणारी जुळणी वजा करून उरलेली जुळणी मोजावी, असे त्याचे सूत्र आहे. त्याला ‘कप्पा’ म्हणतात. पूर्ण जुळणी म्हणजे 1, निव्वळ योगायोग म्हणजे 0. युरोपातील पाच देशांमधील साडेचौदाशेच्या आसपास परिचारिकांना वीस छायाचित्रे दाखवून जखमांची पायरी विचारण्यात आली. त्या अभ्यासाचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले आणि कप्पा अवघा 0.33 निघाला. ओलाव्याने सोललेली कातडी आणि दाबाने झालेला व्रण यांत पुष्कळांची गफलत होत होती. शिकलेल्या, नोकरीत असलेल्या परिचारिकांची ही स्थिती होती. यात त्यांचा अवमान नाही. शिक्षण झाले म्हणजे नजर तयार झाली असे गृहीत धरणाऱ्या व्यवस्थेची ती चूक आहे.

दुसरी त्रुटी तर भारतीय वाचकाच्या अगदी जवळची आहे. पहिल्या पायरीची ‘लाली’ ही गोऱ्या कातडीवर दिसणारी खूण आहे. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ती दिसत नाही, आणि मग व्रण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला गेल्यावरच लक्षात येतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस व्याख्येत सुधारणा होऊन गडद कातडीसाठी स्पर्शातील उष्णता, कठीणपणा आणि वेदना या खुणा जोडण्यात आल्या. परंतु पुस्तकांतील छायाचित्रे बहुतांशी गोऱ्या कातडीचीच राहिली. पाठ्यपुस्तकातील चित्र पाहून शिकलेली मुलगी आपल्याच लोकांच्या अंगावरील धोका ओळखू शकत नसेल, तर ती उणीव तिच्या माथी मारता येणार नाही.

2007 साली व्याख्या पुन्हा सुधारल्या गेल्या. 2016 साली ‘व्रण’ याऐवजी ‘दाबाची इजा’ हा शब्द स्वीकारला गेला, कारण पहिल्या पायरीत कातडी फुटलेलीच नसते. 2019 साली मंडळाने आपल्या नावातही हा बदल केला. याचा अर्थ स्पष्ट आहे. वीस वर्षांपूर्वी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या परिचारिकेलाही पुन्हा शिकावे लागते.

परीक्षा कशी घ्यावी?

स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली वैद्यकीय परीक्षेची नवी पद्धत मांडली. एका दालनात अनेक टेबले मांडायची, प्रत्येक टेबलावर ठरावीक वेळेचे एक काम, प्रत्येक विद्यार्थ्याला तेच काम आणि परीक्षकाच्या हाती तीच यादी. यात परीक्षकाची मर्जी आणि नशिबाने मिळणारा सोपा रोगी या दोन्ही गोष्टींना फारसा वाव राहत नाही. परिचर्येने ही पद्धत आपलीशी केली. एका टेबलावर प्रतिकृतीवरील जखम मोजायची, दुसऱ्यावर छायाचित्र पाहून नोंद लिहायची, तिसऱ्यावर नातेवाइकाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीला कूस पालटून देण्याचे महत्त्व समजावून सांगायचे.

तरी या परीक्षेलाही मर्यादा आहेत. छायाचित्राला वास येत नाही, सिलिकॉनला ताप चढत नाही. म्हणून जाणत्या संस्था आणखी एक कसोटी घेतात. अनुभवी परिचारिका नव्या परिचारिकेबरोबर रोग्याच्या घरी जाते, दोघी एकमेकींना न सांगता जखम मोजून नोंद लिहितात आणि बाहेर पडल्यावर नोंदी ताडून पाहतात. रोजकीर्द आणि शिल्लक जुळवावी तसा हा प्रकार आहे. फरक निघाला तर त्याच दिवशी उलगडा होतो. शंभर वर्षांपूर्वी जुबिली संस्थेच्या निरीक्षिका घरोघरी जात, त्याचेच हे शास्त्रशुद्ध रूप होय.

परीक्षेच्या निकालाशी पैसा जोडला गेला तेव्हा काय झाले, हेही इतिहासाने दाखवले आहे. अमेरिकेत वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत 1999 पासून घरच्या रुग्णांच्या स्थितीची ‘ओएसिस’ नावाची नोंद सक्तीची झाली, आणि 2000 च्या ऑक्टोबरपासून संस्थांना मिळणारी रक्कम या नोंदींवर ठरू लागली. त्यामुळे जखमेच्या नोंदीला एकाएकी महत्त्व आले आणि प्रशिक्षणाचे वर्ग भरू लागले, हा लाभ झाला. दुसऱ्या बाजूने, नोंद रोग्यासाठी की बिलासाठी, असा पेच उत्पन्न झाला. भरत आलेली चौथ्या पायरीची जखम तिसऱ्या, मग दुसऱ्या पायरीची झाली असे लिहिणे चूक आहे, कारण गेलेला स्नायू परत येत नाही, त्या जागी वेगळीच ऊती भरते. हे शिकवण्यासाठी तज्ज्ञ संघटनांना स्वतंत्र मार्गदर्शिका काढाव्या लागल्या. खतावणीसाठी नोंद लिहिताना सत्य सांभाळणे हे प्रत्येक व्यवहारात अवघड असते. येथे तर दुसऱ्या टोकाला माणसाचा देह असतो.

आपल्याकडे

महाराष्ट्रात 1909 साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याचे धाडस केले. या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात शिकू लागल्या तेव्हा समाजाचा रोष थोडा नव्हता. परक्या पुरुषाची जखम धुणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, ही समजूत त्यांनी आपल्या आचरणाने दूर केली. 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची व्यवस्था झाली आणि देशभरच्या शिक्षणाला एक माप मिळाले.

जखम पाहण्याच्या शास्त्रात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टर पॉल ब्रँड यांचे कार्य अविस्मरणीय आहे. 1946 साली ते तेथे आले. कुष्ठरोग्याचे मांसच सडके असते, त्याची जखम भरणारच नाही, ही समजूत त्यांनी खोडून काढली. त्या जखमा संवेदना गेल्यामुळे, नकळत झालेल्या इजांतून होतात. पाय प्लास्टरमध्ये विसावला आणि पुढे योग्य पादत्राण मिळाले तर त्या भरतात, हे त्यांनी सिद्ध केले. संवेदना तपासण्यासाठी नायलॉनचा जो धागा आज मधुमेह्याच्या पावलाला लावून पाहतात, त्याचा वापरही कुष्ठरोग्यांच्या सेवेतूनच सर्वत्र पसरला. केरळात 1993 साली कोझिकोड येथे सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेने असाध्य रुग्णांच्या घरी परिचारिका आणि स्वयंसेवक पाठवले आणि घरच्या माणसांनाही पट्टी करण्यास शिकवले. 2008 साली त्या राज्याने या सेवेचे धोरणच जाहीर केले.

आपल्या शहरांत आज म्हाताऱ्या आईवडिलांसाठी ब्यूरोतून बाई आणली जाते. मुले परगावी, परदेशी असतात. पगार ठरतो, वेळ ठरते. ती नोंदणीकृत परिचारिका आहे की केवळ मदतनीस, हे पुष्कळदा विचारलेच जात नाही. मदतनीस प्रामाणिक असते, कष्टाळूही असते. परंतु माकडहाडावरील बोटभर काळसर डागाचा अर्थ तिला कोणी शिकवलेला नसतो. आठवड्याने त्या डागाची वाटीएवढी जखम होते आणि दोष तिच्यावर येतो. न शिकवता जबाबदारी टाकणे हा तिच्यावरही अन्याय आहे आणि रोग्यावरही.

दीडशे वर्षांच्या या इतिहासाचा बोध फार गुंतागुंतीचा नाही. सेवेची इच्छा असूनही मेरी रॉबिन्सन महिन्यात रडत परत आल्या, म्हणून व्यवस्था लागते. व्यवस्था असूनही लंडनमध्ये खरी शुश्रूषा मागे पडली, म्हणून शिक्षण लागते. शिक्षण असूनही शेकडो परिचारिकांच्या नोंदी जुळल्या नाहीत, म्हणून परीक्षा लागते, आणि ती एकदाच घेऊन भागत नाही. धर्मादाय संस्था, ज्ञातिमंडळे आणि दानशूर घराणी रुग्णालयांना खाटा देतात, यंत्रे देतात, रुग्णवाहिका देतात; ते दान मोलाचे आहेच. त्याच्या शेजारी दहा-वीस मुलींना जखम पाहण्याचे, मोजण्याचे आणि नोंदण्याचे शिक्षण देऊन वर्षाकाठी त्यांची तपासणी करण्याची सोयही उभी राहू शकते. त्यासाठी इमारत लागत नाही. एक जाणती परिचारिका, सावळ्या कातडीच्या जखमांची चित्रे, एक प्रतिकृती आणि मोजपट्टी एवढ्यावर आरंभ होतो.

1887 च्या सुवर्णमहोत्सवातील आतषबाजी त्याच रात्री विझली. त्या निमित्ताने जमलेल्या वर्गणीतून शिकलेल्या परिचारिका मात्र पिढ्यान्‌पिढ्या गरिबांच्या घरांचे उंबरे ओलांडत राहिल्या. अंधाऱ्या खोलीत पट्टी सोडून जखमेकडे निर्भयपणे आणि जाणतेपणाने पाहणारी एक नजर तयार करणे, हे कोणत्याही महोत्सवाचे चिरंतन स्मारक ठरू शकेल.